परड्यातलं जनावर

घर हे राहण्यासाठी असते, असे सुविचार सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, कोल्हापूर, या संस्थेचा पोटनियम क्रमांक चार सांगतो. पोटनियम क्रमांक सत्तावीस सांगतो की, घर हे वर्षातून एकदा तपासण्यासाठी असते. आणि दोन पोटनियमांत विरोध आल्यास नंतरचा ग्राह्य धरावा, असे पोटनियम क्रमांक एकतीसमध्ये आहे. त्यामुळे सभासदांची घरे नेमकी कशासाठी आहेत, याविषयी कायदेशीर शंका उरली नव्हती.

संस्थेच्या नावातला 'मर्यादित' हा शब्द सहकार कायद्यानुसार घातलेला होता. सुविचारांना मर्यादा असते, असा त्याचा अर्थ नव्हता. तो अर्थ पुढे अनुभवाने आला.

वसाहत उचगावच्या रस्त्याला होती. शहर संपलेले असते आणि ऊस अजून सुरू झालेला नसतो, अशी ती जागा. सभासद बहुतेक मंगळवार पेठेतले. पेठेत म्हैस दारात असणे ही गोष्ट दाराला कडी असण्याइतकी साधी होती. माणसे म्हशीला वळसा घालून जात आणि म्हैस माणसांकडे बघतही नसे. परंतु भूखंडावर राहायला आलेला माणूस हा माणूस राहत नाही, तो सभासद होतो. म्हणून पोटनियम क्रमांक एकोणीस करण्यात आला : 'सभासदाने आपल्या आवारात जनावर ठेवू नये. पाहणीत जनावर आढळल्यास ते हटवावे लागेल. न हटवल्यास सभासदत्व रद्द होऊन भूखंड संस्थेकडे परत जाईल.'

हा पोटनियम एकमताने मंजूर झाला. मंजूर झाल्यावर सर्वांनी चहा घेतला. चहाचे दूध बाळासो इंगवले यांच्या मोरणी म्हशीचे होते.

बाळासो एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. घरात त्यांची आई आक्का, पत्नी तानाबाई आणि परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, मोरणी. तानाबाई एकदा माहेरी कोडोलीला गेली असताना वडिलांनी तिला ही रेडी दिली. एस. टी.त म्हशीला तिकीट मिळत नाही, म्हणून तानाबाई पुढे आणि रेडी मागे अशा दोघी चालत कोल्हापूरला आल्या. तेव्हापासून मोरणीने तानाबाईखेरीज कोणाच्या हाताला पान्हा सोडला नव्हता. बाळासोंनी एकदा तानाबाईचे लुगडे नेसून धार काढायचा प्रयत्न केला होता. मोरणीने त्यांना चरवीसकट ओळखले.

सगळी वसाहत मोरणीचे दूध पीत असे. संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव सासने हे निवृत्त फौजदार. त्यांच्याकडे दोन्ही वेळचे दूध इंगवल्यांकडून जाई. पोटनियमाशी त्याची सांगड त्यांनी फौजदारी अनुभवावर घातली होती. ते म्हणत, ''दूध आढळतं. म्हैस आढळत नाही. आढळायला बघावं लागतं, आणि बघायला मागं जावं लागतं.'' त्यामुळे दरवर्षी पाहणी समिती इंगवल्यांच्या पुढच्या खोलीपर्यंत येई, चहा घेई आणि 'आवार स्वच्छ' असा शेरा मारून पुढच्या घरी जाई. व्यवस्था चांगली होती. तिच्यात दोष एवढाच होता की संस्थेचे चिटणीस बदलले.

नवे चिटणीस प्राध्यापक देवस्थळी हे एका महाविद्यालयात मराठी शिकवत. पोटाच्या तक्रारीमुळे ते दूध घेत नसत, म्हणून वसाहतीत निःपक्षपाती असे ते एकटेच होते. त्यांनी बोलीभाषेतील निषिद्ध शब्दांवर एक निबंध लिहिला होता. खेड्यापाड्यात लोक कोणत्या गोष्टीचे नाव घेत नाहीत आणि त्याऐवजी काय म्हणतात, हे त्यांना तोंडपाठ होते. लोक नाव घेतात त्या गोष्टींचा अभ्यास अजून व्हायचा होता.

त्यांनी परिपत्रक काढले. 'येत्या रविवारी पाहणी समिती प्रत्येक घर पुढून व मागून प्रत्यक्ष पाहील. सभासदांनी घर नेहमी असते तसेच दाखवावे. त्यासाठी पुढीलप्रमाणे तयारी करावी.' यापुढे दीड पान तयारी होती.

बाळासोंनी ते कचेरीतून आल्यावर उभ्याने वाचले आणि बसून पुन्हा वाचले.

''मोरणीला शनिवारी उचगावला पाठवू. पिराजीकडं,'' ते म्हणाले. पिराजी हा तानाबाईचा चुलतभाऊ.

''म्हशीला काय चार दिस पावणी म्हणून धाडाय लागलायसा?'' तानाबाई म्हणाली.

''एका दिवसाचा प्रश्न आहे.''

''तिला एक दीस न्हाय कळत. तिला मी न्हाय एवढंच कळतंय.''

''अगं, सभासदत्व जाईल!''

''जाऊ दे की. त्याला काय कास हाय?''

''घर जाईल, घर!''

तानाबाईने हातातली वैरण खाली ठेवली. ''आवो, ऐका. घर गेलं तर आपुन परत पेठेत जाऊ. पर म्हस गेली तर मी बी जाणार कोडोलीला. मग ऱ्हावा तुमी आन तुमचा पोटनियम, एकमेकाला वाढून घेत.''

ती बोलल्याप्रमाणे करते, हे बाळासोंना लग्नापासून ठाऊक होते. आता त्यांच्यापुढे घर वाचवणे आणि म्हैस वाचवणे अशी दोन कामे होती, आणि त्यातले एकही कचेरीत पुढच्या टेबलाकडे सरकवता येण्याजोगे नव्हते.

मग घर नेहमीसारखे दिसावे म्हणून तयारी सुरू झाली. भिंतींना चुना लावला. दावे, खुंटा, पेंडीचे पोते माळ्यावर गेले. शेणी, म्हणजे गोवऱ्या, कुठे ठेवायच्या हा प्रश्न होता. त्या आक्कांच्या खाटेखाली रचल्या, खाट पुरेना म्हणून खाटेवर रचल्या, वर गादी टाकली, गादीवर पलंगपोस आणि पलंगपोसावर आक्का.

''ह्या वयात मला माडीवर चढीवलंस व्हय रं?'' आक्का वरून म्हणाल्या.

''रविवारपर्यंत, आई. आणि हे बघ, पाहुण्यांनी काही विचारलं तर फक्त 'न्हाय' म्हणायचं.''

''आन खरं असलं तर?''

''तरी न्हाय.''

''मग इचारत्यात कशाला?'' आक्कांनी विचारले. परिपत्रकात याचे उत्तर नव्हते.

परिपत्रकात दर्शनी भागी फुलझाडांच्या कुंड्या सांगितल्या होत्या. वसाहतीत कुंड्या फक्त अध्यक्षांकडे होत्या. त्याच दरवर्षी पाहणीच्या पुढे पुढे घरोघर फिरत आणि समितीला प्रत्येक घरी ओळखीच्या वाटत. शुक्रवारी त्या बाळासोंकडे आल्या. शनिवारी उचगावला निघताना मोरणीने जाता जाता सगळी शेवंती खाल्ली. तानाबाईने गणपतीच्या सजावटीतली कागदी फुले काढून देठांना बांधली. ती शेवंतीपेक्षा बरी दिसत होती, आणि नंतर तसा शेराही पडला.

रविवारी सकाळी समिती शेजारच्या घरात असतानाच पिराजी मागच्या बाजूने आला. त्याच्या पुढे मोरणी होती. तो दिसायला मागे होता, पण ओढत तीच आणत होती.

''दाजी, घ्या ही तुमची साळकाई,'' तो म्हणाला. ''वैरणीला तोंड लावंना, पान्हा सोडंना. सारखी हंबरतीया. आमची गल्ली गोळा झाली की दारात. इचाराय लागली, घरात कोण गेलं म्हणून.''

''अरे, एक तास तरी थांबायचंस!''

''मी थांबलो असतो. हिला सांगा.''

मोरणीने तानाबाईला बघितले, कान हलवले आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. खुंटा नव्हता, दावे नव्हते, पण तिला त्यांची गरज नव्हती. बाळासोंनी लग्नातले जाजम आणून तिच्यावर घातले. आता परड्यात म्हैस नव्हती. आता परड्यात जाजम घातलेली म्हैस होती. तानाबाईने तिच्यापुढे पेंडीचे घमेले ठेवले, मागचे दार लोटले, आणि तेवढ्यात पुढच्या दारातून ''आहेत का इंगवले?'' असा सरकारी आवाज आला.

समितीत तिघे होते. अध्यक्ष हंबीरराव, चिटणीस देवस्थळी आणि बांधकामातले जाणकार म्हणून लालासाब मिस्त्री. लालासाबनी वसाहतीतली निम्मी घरे बांधली होती, त्यामुळे त्यांच्यातल्या चुका त्यांना न मोजताही सांगता येत. तरी ते मोजत. मोजायची फीत त्यांच्या हाती होती आणि त्यांच्या पत्नी मेहमुदाभाभी शनिवारी सकाळीही इथूनच दूध घेऊन गेल्या होत्या.

पुढची खोली तपासली. कुंड्या तपासल्या. लालासाबनी खिडकी मोजली आणि म्हणाले, ''गेल्या साली होती तेवढीच हाय.'' हंबीरराव खुर्चीत बसले, त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि नेहमीचे वाक्य म्हटले, ''मग काय तानाबाई, चहा टाकलाय का?''

''चहा नंतर,'' देवस्थळी म्हणाले. ''मागची बाजू अजून राहिली.''

हंबीररावांनी लालासाबकडे बघितले. लालासाबनी फितीकडे बघितले.

''मागं काय बघायचं, सर?'' हंबीरराव म्हणाले. ''मागं मागचंच असतंय.''

''परिपत्रकात 'पुढून व मागून' असं आहे,'' देवस्थळी म्हणाले, आणि खाटेवरच्या आक्कांकडे वळले. ''आजी, मागे जायची वाट इकडूनच ना?''

''न्हाय,'' आक्का म्हणाल्या.

''मग हे दार कशाचं?''

''न्हाय.''

''म्हणजे हे दार नाही?''

''न्हाय,'' आक्कांनी ठामपणे सांगितले.

देवस्थळींनी जवळ जाऊन दाराला हात लावला. ते दारच होते. त्यांनी ते ढकलायला सुरुवात केली आणि तिथे आक्कांच्या मनात गोंधळ उडाला. मुलाने सांगितलेले एकीकडे, आणि परक्या माणसाला बघितले की मोरणी शिंग मारते हे दुसरीकडे. त्यांनी माणूस वाचवायचे ठरवले.

''आरं बाबा, जाऊ नगंस तिकडं!'' त्या ओरडल्या. ''परड्यात जनावर हाय!''

पोटनियम क्रमांक एकोणीस आता खोलीत येऊन उभा राहिला. बाळासोंच्या डोळ्यांपुढे भूखंड गेला. तानाबाईने कोडोलीची वाट धरायला म्हणून पदर खोचला. हंबीररावांनी डोळे मिटले, कारण आता आढळले होते.

आणि देवस्थळींनी दारावरचा हात असा मागे घेतला की जणू दारच चावणार होते.

''जनावर?'' ते हळू आवाजात म्हणाले. ''अध्यक्ष, ऐकलंत? जनावर म्हणताहेत. ही माणसं त्याचं नाव घेत नाहीत. माझ्या निबंधात आहे.'' मग आणखी हळू, ''साप आहे.''

'जनावर निघालं' म्हणजे साप निघाला, हे कोल्हापुरात लहान पोराला कळते. जनावर म्हणजे जनावरसुद्धा असू शकते, हे कळायला मात्र दूध प्यावे लागते.

''आजी,'' देवस्थळी खाटेजवळ आले, ''केवढं आहे?''

'न्हाय' म्हणायची वेळ गेली हे आक्कांना कळले. आता त्या खरे सांगायला मोकळ्या झाल्या. ''मोठं हाय की. काळंकुळकुळीत.''

''पुष्कळ दिवसांपासून आहे?''

''वर्सं झाली. ह्या सूनबाईच्या म्हायरासनं आलंया. तिच्या मागनं चालत.''

''माहेराहून! मागून!'' देवस्थळींना घाम फुटला होता, पण त्यातही त्यांनी डोळे मोठे करून तानाबाईकडे पाहिले. ''आणि कोणाला काही करत नाही?''

''हिच्या आज्ञेत हाय. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय.''

''दूध वगैरे?''

''सकाळ-सांज,'' आक्का अभिमानाने म्हणाल्या. ''एक दीस खंड न्हाय.''

त्या क्षणी मोरणीने घमेल्यातली पेंड संपवून नाकातली भुकटी जोरात बाहेर टाकली. दाराच्या फटीतून तो आवाज आत आला.

''फुत्कार!'' देवस्थळी म्हणाले आणि लालासाबच्या मागे गेले.

लालासाब काही बोलायला तोंड उघडत होते. हंबीररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. निवृत्त फौजदाराच्या चेहऱ्यावर, गुन्हेगार नको असताना पंचनामा करायला मिळाला की येते, ती शांती आली होती.

''सर बरोबर म्हणतायत,'' ते म्हणाले. ''साप. लिहा. 'परड्यात जनावराचे वास्तव्य असल्याने प्रत्यक्ष पाहणी जीवितास धोक्याची वाटल्यावरून केली नाही. बाकी आवार स्वच्छ.' सही करा, मिस्त्री.''

''आण्णा, पर ते...'' लालासाब म्हणाले.

''तुमच्याकडं दूध कुठनं येतंय?''

लालासाबनी सही केली.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. घर राहिले होते, म्हैस राहिली होती, तानाबाईने खोचलेला पदर सोडून चहा टाकला होता. पण अहवालाला स्वतःचे आयुष्य असते. तो सर्वसाधारण सभेपुढे गेला. तिथे एका सभासदाने हरकत घेतली की पोटनियमात जनावर ठेवू नये असे असताना इंगवल्यांनी साप ठेवलाच कसा?

देवस्थळींनी खुलासा केला. ''पोटनियमात 'ठेवू नये' असं आहे. इंगवल्यांनी ते ठेवलेलं नाही. ते आपण होऊन राहिलेलं आहे. पोटनियम ठेवण्याला आहे, राहण्याला नाही.''

''मग सर्पमित्र नाहीतर गारुडी बोलवा आन धरा,'' मागून कोणीतरी म्हणाले.

यावर अध्यक्षांच्या पत्नी धोंडुबाई उभ्या राहिल्या. ''धरा? लेकीच्या पाठीमागनं म्हायरासनं चालत आल्यालं हाय ते! राखणदार हाय तिचा. हात लावून बघा कोण लावतंय!''

धोंडुबाई सात वर्षे रोज सकाळी परड्याच्या भिंतीपाशी उभ्या राहून मोरणीची धार बघत आल्या होत्या. एकदा मोरणीने त्यांच्या साडीला शिंग लावून काठ फाडला होता. तरी त्या जे बोलल्या ते मनापासून बोलल्या. सभेत असे वीसजण तरी होते. त्यांनी म्हैस पाहिली होती आणि साप पाहिला नव्हता. पण म्हैस ही त्यांनी नुसतीच पाहिली होती. सापाचा ठराव झाला होता.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई दुधाला आल्या. तानाबाईने भांड्यात दूध घातले. धोंडुबाईंनी त्यातले वाटीभर काढून परड्याच्या भिंतीपाशी ठेवले, हळद-कुंकू वाहिले, नमस्कार केला आणि भिंतीपलीकडून बघणाऱ्या मोरणीला ''हूऽऽ, सर तिकडं!'' म्हणून हाकलले.

वाटी शेजारच्या मांजराने संपवली. धोंडुबाईंनी ती रिकामी पाहिली आणि वसाहतभर सांगितले. पुढच्या आठवड्यात भिंतीपाशी इतक्या वाट्या आल्या की मांजराने येणे बंद केले. पण तोपर्यंत त्याची गरज उरली नव्हती.

''आवो, ह्ये थांबवा की,'' तानाबाई बाळासोंना म्हणाली. ''खोटं किती दिस चालवायचं?''

''आपण कुठे काय म्हणालोय?'' बाळासो म्हणाले. ''आई जे बोलली ते खरं बोलली. सर जे समजले ते शास्त्राप्रमाणे समजले. यात खोटं कुठल्या टेबलावर झालं, तू दाखव.''

तानाबाईला टेबल दाखवता आले नाही. शिवाय मोरणी आता जाजमाशिवाय उभी राहत होती. पाहणी समिती परड्यात पाऊल टाकायला धजत नव्हती. बाळासोंनी पूर्वी तीनदा गोठ्यावर पत्रा टाकायची परवानगी मागितली होती आणि तीनदा नकार आला होता. आता 'स्थानाला ऊन लागू नये' म्हणून संस्थेनेच पत्रा टाकून दिला. पत्रा टाकायला लालासाब आले.

''बाळासो,'' ते शिडीवरून म्हणाले, ''म्हशीसाठी मागत होता तवा ह्योच पत्रा नियमात बसत न्हवता.''

''आता?''

''आता सापासाठी बसतोय. खाली म्हसच बसणार हाय, ती गोष्ट येगळी.''

पत्र्याचा कोपरा मागच्या रस्त्यावर दोन हात पुढे गेला होता. नगरपालिकेची माणसे अतिक्रमण काढायला गाडी घेऊन आली. मग तिथे धार्मिक स्थळ आहे असे कळल्यावर चपला काढून आत गेली आणि प्रसाद घेऊन परत गेली. लोकवर्गणी झाली. लालासाबनी कोपऱ्यात विटांची घुमटी बांधली, त्यात दगडी नागोबा बसवला. त्या रात्री बाळासो पहिल्यांदा गाढ झोपले. घर आता संस्थेला परत घेता येत नव्हते, गोठा नगरपालिकेला पाडता येत नव्हता. म्हशीला इतके कायदेशीर संरक्षण कोल्हापूर संस्थानातसुद्धा नव्हते.

नागपंचमीला मंगळवार पेठेतून बायका आल्या. त्यातल्या एकीचा पाय शेणात पडला.

एवढ्यावरून देवस्थान समिती स्थापन झाली. अध्यक्ष हंबीरराव, चिटणीस देवस्थळी, बांधकामाला लालासाब आणि मानद व्यवस्थापक म्हणून खुद्द बाळासो. समितीने पहिल्याच बैठकीत आवाराच्या पावित्र्याची नियमावली केली. तिचा पहिला नियम होता : 'देवस्थानच्या आवारात जनावर बांधू नये.' गैरसमज होऊ नये म्हणून देवस्थळींनी खाली टीप दिली. 'येथे जनावर या शब्दाचा अर्थ म्हैस, गाय, बैल इत्यादी असा घ्यावा.'

नियम केल्यावर पाहणी आली. या वेळी समिती निर्भयपणे परड्यात शिरली, कारण ते आता परडे नव्हते. मोरणी घुमटीला अंग घासत होती.

''ही म्हैस कोणाची?'' देवस्थळींनी विचारले. त्यांनी ती प्रथमच पाहिली होती, त्यामुळे त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता.

''ही इथे कधी आली?'' हंबीररावांनी विचारले.

तानाबाई धारेला बसली होती. ती चरवी घेऊन उठली. ''आण्णा, सात वर्सं हिचं दूध पिताय की तुमी! दोन्ही येळला!''

''पितो की. नाही कुठं म्हटलं?'' हंबीरराव न रागावता म्हणाले. ''पण ते वसाहतीचं झालं, तानाबाई. हे देवस्थान आहे. लांबलांबनं माणसं येतात. त्यांच्या डोळ्यापुढं म्हैस बरी दिसत नाही.''

''मग तुमास्नी ठावं न्हाय व्हय, जनावर म्हंजी हीच म्हणून? तुमी होतासा की त्या दिवशी! लालासाबभाई, तुमी बोला की!''

लालासाब घुमटीच्या गिलाव्याकडे बघत होते. गिलावा त्यांनी स्वतः केला होता. ''वैनी,'' ते म्हणाले, ''मला म्हाईत हाय. पर आता बांधून झालंय.''

तानाबाईने शेवटचे बाळासोंकडे बघितले. बाळासोंनी एकदा घराकडे बघितले, एकदा घुमटीकडे बघितले. घर शाबूत होते. ते म्हणाले, ''आपण रीतसर अर्ज करू.''

''करा,'' तानाबाई म्हणाली.

तिने मोरणीच्या गळ्यात दावे घातले आणि कोडोलीची वाट धरली. या खेपेलाही ती पुढे आणि मोरणी मागे होती. रस्त्यावरच्या बायकांनी दोघींना वाट करून दिली. देवीबरोबर वाहनही चालले आहे, असे त्यांच्यातल्या एका म्हातारीने दुसरीला समजावून सांगितले. बाळासोंनी त्याच आठवड्यात अर्ज केला. व्यवस्थापक या नात्याने तो त्यांच्याकडेच अभिप्रायासाठी आला आणि त्यांनी तो नियमाला अनुसरून फेटाळला.

याला आठ वर्षे झाली. तानाबाई कोडोलीलाच असते. मोरणीला तिथे दोन रेड्या झाल्या. बाळासो सणासुदीला जातात, त्यांना ती जेवायला वाढते आणि वेळेवर एस. टी.त बसवून देते. वसाहतीत आता डेअरीच्या बाटलीतले दूध येते. हंबीरराव ते पिताना दरवेळी म्हणतात की पूर्वीच्या दुधाची चव नाही, आणि पूर्वी दूध कुठून येई असे कोणी विचारले तर घुमटीकडे बघून हात जोडतात.

आक्का अजून आहेत. घुमटीशेजारी खाट टाकून दिवसभर बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगतात, ''साप-बीप काय न्हाय रं बाबा हितं. म्हस होती आमची. ग्वाड गुणाची.'' लोक हे ऐकून घेतात, त्यांच्या पाया पडतात आणि रांगेत पुढे सरकतात. गेल्या नागपंचमीला रांग मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती आणि तुम्हीही तिच्यात होतात. तुमच्या मागच्या माणसाने विचारले, ''पावणं, खरंच हाय व्हय आत?'' तुम्ही म्हणालात, ''हाय तर!''

आत लालासाब मिस्त्रींनी बसवलेला दगड आहे.